ओनुफ्रीची लाकडं

हाफियाचं पत्र ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात आलं आणि ते मी वाचून दाखवलं. आमच्या भागात पस्तीसेक घरं युरोपातल्या गॅलिशियातून आलेली, आणि त्यांत लिहिता-वाचता येणारी बाई मी एकटीच. माझा बाप देवळात स्तोत्रं म्हणायचा, त्यानं मला अक्षरं शिकवली. तेव्हा आई म्हणाली होती, पोरीला याचा काय उपयोग. उपयोग असा झाला की कॅनडातल्या सस्कॅचवनच्या या कोपऱ्यातून मायदेशी गेलेली निम्मी खोटी पत्रं माझ्या हातची आहेत.

ओनुफ्री आणि याव्दोखा माझे शेजारी. शेजारी म्हणजे मध्ये एक मैल झाडी. त्यांच्या पोरीची मी धर्ममाता, म्हणून दोघंही मला कुमा म्हणायची. आमच्यात ते नातं सख्ख्याहून जवळचं, आणि भांडायचा हक्कही त्यात येतो.

हाफिया ही याव्दोखाची धाकटी बहीण. तिनं गावच्या मास्तराकडून लिहून घेतलं होतं. "ताई, भावोजी लिहितात की तिथं प्रत्येकाचं स्वतःचं जंगल आहे आणि तोडायला कुणाला विचारावं लागत नाही. लुकियाननं घर आणि शेत विकायला काढलंय. गिऱ्हाईक आहे. वसंतात पोरांना घेऊन निघू म्हणतोय. पण तू स्वतः काही का कळवत नाहीस? तू या म्हणालीस तर येऊ. एकदा विकलं की परत जायला जागा नाही."

याव्दोखा अंगणात लसणाच्या वेण्या घालत होती. तिचे हात थांबले नाहीत.

ओनुफ्री मात्र खूश झाला. "लिही कुमा, आत्ताच लिही. म्हणावं सगळं विकून या. माझ्या शेजारचा तुकडा अजून मोकळा आहे. माझ्याहून दाट झाडी आहे त्यात!"

"शनिवारी टपाल जातं," मी म्हटलं. "घाई काय आहे?"

"घाई नाही कशी? दुसरा कुणी घेईल की."

तो तुकडा कुणीही घेणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. याव्दोखालाही ठाऊक होतं. ती वर न बघता म्हणाली, "घेणाऱ्याला डोळे असतात रे."

आता हे सांगितलं पाहिजे की ओनुफ्रीनं जमीन कशी निवडली. आम्ही एकोणीसशे आठ साली एकत्रच आलो. सरकार दहा डॉलरला एकशेसाठ एकर देत होतं. अट अशी, की तीन वर्षांत त्यावर घर बांधायचं, राहायचं आणि तीस एकर नांगराखाली आणायची. नाहीतर जमीन दुसऱ्याला. कचेरीतल्या माणसानं नकाशावर दक्षिणेकडे बोट ठेवलं. तिकडं नुसतं गवत, नांगर घातला की झालं. ओनुफ्री तिकडं बघायला गेला, आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला. म्हणाला, "कुमा, तिकडं काडी नाही. कुऱ्हाडीला दांडा करायचा म्हटलं तर लाकूड नाही. तिथं राहायचं?" आणि उत्तरेला येऊन त्यानं पॉपलर आणि बर्चनं गच्च भरलेले एकशेसाठ एकर घेतले. आमच्यातल्या सगळ्यांनी तेच केलं. मायदेशी प्रत्येक झाड जमीनदाराचं होतं, म्हणून झाड दिसलं की आमची अक्कल चालेनाशी व्हायची. बाकीचे वर्षभरात शहाणे झाले. झाडं तोडली, जाळली, मुळं खणली, नांगर घातला. ओनुफ्रीला तोडणं जमलं. जाळणं जमेना.

त्यानं रचली. एका मापाचे ओंडके, सालं वरच्या बाजूला, टोकांना आडवी-उभी वीण. बर्च वेगळी, पॉपलर वेगळं, जळाऊ वेगळं, कामाचं वेगळं. वारा खेळावा म्हणून दोन रांगांत बैलगाडी जाईल एवढी जागा. तीन वर्षांत पाच एकर साफ झालेली जमीन या रांगांनी व्यापली. मुळं काढून झालेली, अगदी नांगराला तयार जमीन, आणि तिच्यावर लाकडं उन्हं खात बसलेली. लोक रविवारी बघायला यायचे आणि आडून हसायचे. त्याला वाटायचं कौतुक करतायत.

शुक्रवारी जमीन-कचेरीचा साहेब आला. घोडागाडीतून उतरला, डास मारत मारत सगळं शेत फिरला. मी दोन हिवाळे विनिपेग शहरात एका घरी धुणीभांडी केली होती, त्यामुळे इंग्रजी मला जमायचं. साहेबानं वही उघडली.

"नांगरलेली किती?"

"बारा एकर," मी सांगितलं.

"झाडीची जमीन म्हणून वीसवर भागवता येईल. बारावर नाही." त्यानं लाकडांच्या रांगांकडं पाहिलं. "हे काय आहे? हा लाकडाचा व्यापारी आहे का?"

ओनुफ्रीला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. साहेब बोलायला लागला तेव्हापासून तो टोपी काढून, दोन्ही हातांत छातीशी धरून उभा होता. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या टकलावर डास बसले होते आणि तो त्यांना हाकलतही नव्हता.

"मी ऑक्टोबरच्या मध्याला परत येईन," साहेब म्हणाला. वाईट माणूस नव्हता. "तोवर वीस नसेल तर मला तसं लिहावं लागेल. मग ही जमीन दुसऱ्या कुणी मागितली तर मी काही करू शकत नाही. त्याला नीट समजावून सांग."

मी समजावून सांगितलं. गाडी झाडीआड गेली तरी ओनुफ्रीची टोपी हातातच होती.

याव्दोखा दारातून सगळं बघत होती. ती आली, टोपी त्याच्या हातातून ओढून घेतली आणि त्याच्या डोक्यावर दाबली. "सात आठवडे आहेत. उद्या काडी लाव त्या रांगांना. पाच एकर आठवड्यात निघेल. उरलेल्या तीन एकरांतली खोडं आपण खणू."

"काडी लावू?"

"लाव."

"तुला कळतंय का तू काय म्हणतेस ते?"

"मला कळतंय. माझी बहीण घर विकतेय. कुठं येणार ती? तुझ्या लाकडांवर झोपणार का?"

ओनुफ्री जाऊन बर्चच्या रांगेपाशी उभा राहिला आणि एक सरकलेला ओंडका नीट बसवला. मला त्याचा इतका राग आला की तोंडाशी शिवी आली होती. पण मी त्याच्या गावची आहे. त्याच्या बापाला मी पाहिलं आहे. एका थंडीत बापानं जमीनदाराच्या रानातून वाळक्या फांद्यांची मोळी आणली, तर राखणदारानं मोळी घेतली आणि डोक्यावरची मेंढीच्या कातड्याची टोपीही घेतली. ती परत मिळवायला म्हातारा जमीनदाराच्या अंगणात दिवसभर बोडक्यानं उभा होता, बर्फात. संध्याकाळी टोपी मिळाली. एक कान कायमचा गेला. ओनुफ्री तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि बापाचा हात धरून उभा होता.

म्हणून मी शिवी गिळली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुदळी चालू झाल्या. ओनुफ्रीनं रांगांना हात लावला नाही, पण तीन एकरांतल्या खोडांवर तो वेड्यासारखा तुटून पडला. पॉपलरचं खोड दिसायला मांडीएवढं, खाली मुळं खोलीभर. भोवती खणायचं, मुळं कुऱ्हाडीनं तोडायची, पहार घालायची, साखळी बांधायची आणि बैलांना हाकायचं. बैल गुडघ्यांवर यायचे. साखळी दोनदा तुटली. एक खोड निघालं की याव्दोखा खड्ड्यात उतरून मातीतली उरलेली मुळं हातानं उपटायची. तिची नखं मुळापर्यंत काळी झाली होती. दिवसाला आठ-दहा खोडं. पाचशेच्या वर बाकी. संध्याकाळी दोघं बाकावर बसली की ओनुफ्रीला पाठ वाकवून बूट काढता येईनात, ती काढायची. दोघांचं बोलणं बंद होतं. बूट मात्र काढायची.

सप्टेंबर लागला तशा आम्ही बायका दरसालप्रमाणं दक्षिणेला गेलो. तिकडं गव्हाच्या पेंढ्या उभ्या करायला माणसं लागतात. पंचवीस मैल चालत. झाडी संपली की आभाळ एकदम खाली येतं आणि वारा अंगावर येतो. मला तो उघडेपणा कधी आवडला नाही, पण तिथला गहू बघितला की हात लावून बघावासा वाटतो. कमरेच्या वर, आणि शेताला टोक नाही.

आम्ही सिव्हर्ट नावाच्या नॉर्वेच्या माणसाकडं होतो. दांडगा, लालबुंद, बोलायला लाजणारा. त्याच्या बायकोचं नाव आस्ता. दुपारी जेवायला घरात गेलो तेव्हा आस्ता चुलीपाशी बसून गव्हाचं काड पिळत होती. मूठभर काड घ्यायचं, पीळ घालून गाठ मारायची, चुलीत टाकायची. ती गाठ भपकन जळायची, की पुढची. भांड्यातलं पाणी उकळेपर्यंत तिनं साठेक गाठी टाकल्या असतील. तिचे तळवे चिरलेले होते. आणि हे सप्टेंबरात. जानेवारीत इथं थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते.

याव्दोखा घास हातात धरून बघत राहिली.

"कुमा, हिला विचार, हिवाळ्यात काय करता."

मी विचारलं. आस्तानं पाळण्याकडं बोट दाखवलं आणि मग हातानंच सांगितलं, की दोघं पाळी लावतो, एकजण गाठी मारत बसतो, एकजण झोपतो.

याव्दोखानं घास खाल्ला, हात पुसले, आणि म्हणाली, "हिच्या नवऱ्याला विचार, त्याच्याकडं नांगर कसला आहे."

"का गं?"

"विचार म्हणते ना!"

नांगर दोन फाळांचा होता, चार घोड्यांचा. मी तिच्याकडं पाहिलं आणि मला सगळं उमगलं. "ओनुफ्री तुझा जीव घेईल," मी म्हटलं.

"घेऊ दे. पुरायच्या पेटीला लाकूड आहेच."

पेंढ्या उभ्या झाल्या. मळणीचं यंत्र यायला अजून पंधरा दिवस होते, म्हणून सिव्हर्ट मोकळा होता. आम्ही परत आलो ते त्याच्या गाडीत बसून. गाडी रिकामी, घोडे चार. वाटेत मी याव्दोखाला म्हटलं, नवऱ्याला आधी सांगायचंस तरी. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर त्यानं नाही म्हटलं असतं. आता म्हणू दे माणसासमोर."

ओनुफ्री खड्ड्यात होता. फक्त डोकं वर दिसत होतं. गाडी बघून तो चढून आला, चिखलानं माखलेला, हातात कुऱ्हाड.

"हा कोण?"

"लाकडं बघायला आलाय," याव्दोखा म्हणाली.

"तू माझी लाकडं विकलीस?"

"विकली नाहीत. त्याच्याकडं नांगर आहे, आपल्याकडं लाकूड आहे. बघायला आणलाय. तू नाही म्हण, तो जाईल."

"लाज नाही वाटली? मी मेलोय का इथं?"

"मरायला टेकलायस की! तीन एकर खोडं खणून मरशील, आणि पाच एकर त्या रांगांखाली राहतील. मग जमीन जाईल, आणि जो येईल तो तुझी लाकडं जाळेल. पहिल्याच हिवाळ्यात जाळेल. तुझं नावही त्याला ठाऊक नसेल."

तिचा आवाज फाटला. इतक्या दिवसांचं न बोललेलं होतं ते. ओनुफ्रीच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

सिव्हर्टला आमचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि त्याचं आमच्याकडं लक्षही नव्हतं. तो रांगांमधून चालत होता. हळू, देवळात चालतात तसा. एका बर्चच्या ओंडक्यावरून त्यानं हात फिरवला. मग दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले आणि कान देऊन ऐकलं. वाळलेलं लाकूड खणखणतं. त्यानं कापलेल्या टोकाला नाक लावलं आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. त्याच्या देशात जंगलच जंगल, असं आस्तानं मला सांगितलं होतं. पाच वर्षांत या माणसानं झाड हुंगलं नसावं.

मग तो आमच्याकडं आला. ओनुफ्रीसमोर थांबला. काय बोलावं ते सुचेना म्हणून त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि मान खाली घालून उभा राहिला.

बैल साखळी ओढत होते, तेवढाच आवाज.

ओनुफ्रीच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. तो त्या टोपीकडं बघत होता. त्याचा चेहरा मी पूर्वी एकदाच असा पाहिला होता, जमीनदाराच्या अंगणाबाहेरून, कुंपणातून. त्यानं कुऱ्हाड टेकवली, चिखलाचा हात विजारीला पुसला, सिव्हर्टच्या हातातून टोपी घेतली आणि त्या दांडग्या माणसाच्या डोक्यावर टाचा उंचावून घातली. वाकडीच बसली.

"कुमा," तो म्हणाला, "ह्याला सांग, टोपी घाल म्हणावं. इथं कुणी जमीनदार राहत नाही."

मी सांगितलं. जमीनदार हा शब्द मला इंग्रजीत येत नव्हता. सिव्हर्टला तरीही कळलं असावं, कारण त्यानं ओनुफ्रीचा चिखलाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. याव्दोखाच्या आलं नाही, ती म्हणाली, "चला, गाडी भरा. दिवस मावळायच्या आत दोन रांगा निघतील."

गाडी ओनुफ्रीनं स्वतः भरली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. याव्दोखा बाजूला उभी राहून आस्ताच्या चुलीचं आणि पाळण्याचं सांगत होती. पहिल्यांदा पॉपलर ठेवत होता. अर्धी गाडी झाल्यावर थांबला, जरा विचार केला, आणि बर्चच्या रांगेकडं गेला. "पाळण्यात पोर आहे म्हणालीस ना?" त्यानं बायकोला विचारलं. किती दिवसांनी तिच्याशी नीट बोलला. "मग बर्च दिली पाहिजे. बर्च धूर करत नाही."

त्यानंतरचे दिवस मोजायलाही सवड नव्हती. सिव्हर्ट आपल्या भावाला घेऊन आला, दोन गाड्या, आठ घोडे. भाऊ लाकूड वाहायचा आणि सिव्हर्ट मोकळ्या झालेल्या जमिनीत नांगर घालायचा. सप्टेंबरच्या मध्याला दोन दिवस पाऊस झाला आणि माती मऊ झाली. फाळाखाली राहिलेली बारीक मुळं तटतट तुटायची, तो आवाज मला माझ्या घरी ऐकू यायचा. हसायला येणारे शेजारीही कुदळी घेऊन आले. सहा घरची माणसं तीन एकरांतल्या खोडांभोवती भिडली. याव्दोखा आणि मी कोबीत गुंडाळलेला भात आणि बटाट्याच्या पुऱ्या रांधत होतो, आणि सिव्हर्ट एकटा चौघांचं खात होता. ओनुफ्री त्याला आमच्या भाषेतल्या शिव्या शिकवायचा. सिव्हर्ट त्या आपल्या घोड्यांना प्रेमानं म्हणायचा.

मळणी लागली तसे ते दोघे गेले. पाच एकर काळीभोर पडली होती. उरलेलं आम्ही बैलांनी ओढलं. नांगराचा शेवटचा तास ऑक्टोबरच्या बारा तारखेला पडला, तेव्हा सकाळी मातीवर बर्फाचा पापुद्रा होता आणि ओनुफ्रीच्या पाठीला भाजलेल्या मिठाची पिशवी बांधलेली होती.

चौदाला सकाळी उठून बघते तर सगळं पांढरं. टाचभर बर्फ. मी चालत गेले तर ती दोघं शेतात केरसुण्या घेऊन बर्फ झाडत होती.

"वेडी झालात का?"

"साहेबाला काय दिसणार?" याव्दोखा ओरडली. "म्हणेल, नांगरलंय कशावरून! घे ती दुसरी केरसुणी!"

दुपारपर्यंत आम्ही वीस एकरांच्या कडेकडेनं बैलगाडीएवढी काळी पट्टी झाडून काढली. साहेब आला, गाडीतच उभा राहून त्यानं ती बघितली, आणि यावेळी हसला ते वेगळं हसणं होतं. मोजणीची साखळी घेऊन तो पूर्ण फिरला. तीन ठिकाणी बुटानं बर्फ उकरून खाली तास आहेत का पाहिलं.

परत येऊन तो आमच्यासमोर उभा राहिला आणि वहीत बघू लागला. ओनुफ्रीचा हात वर टोपीकडं गेला. याव्दोखानं तो मधेच पकडला आणि खाली धरून ठेवला, घट्ट, सगळा वेळ.

"वीस आणि पाऊण," साहेब म्हणाला. "कागद वसंतापर्यंत येईल. लाकडं कुठं गेली?"

"उबेला," मी म्हटलं. बरा शब्द मला सुचला नाही.

हाफियाचं पत्र अजून माझ्या पेटीत होतं. ओनुफ्रीनं ऑगस्टात सांगितलेलं उत्तर मी लिहिलंही होतं, पण टपालात टाकलं नव्हतं. प्रत्येक शनिवारी काहीतरी निमित्त काढलं होतं. ते मी त्याच दिवशी त्यांच्या चुलीत टाकलं आणि कोरा कागद घेतला.

"याव्दोखा, तू सांग," मी म्हटलं. "तिनं तुला विचारलंय."

याव्दोखानं हात मांडीवर ठेवले. "लिही की थंडी खरी आहे. घरातल्या भिंतीला आतून बर्फ चढतं. उन्हाळ्यात डास असे, की गाई रडतात. अंगणात धुरी पेटती ठेवावी लागते. शेजारीण एक मैलावर, आणि पहिल्या वर्षी मी झाडांशी बोलत होते. इथं गाव नाही. पोर आजारी पडलं तर आपणच. पण दाराला कडी लावत नाही कुणी. वादळात वाट चुकलेला माणूस आत येतो, चूल पेटवतो, खातो, जातो. पोरांना शाळा आहे, पायात जोडे घालून जातात. भाकरी पोटभर. मालक कुणी नाही." ती थांबली. "लिही की ये. मी सांगते ये. पिसांची रजई आण, लसूण आणि खसखशीचं बी आण. लाटणं आणू नको. कुदळीचं पातं आण."

"आणि जमीन?" मी विचारलं. दोघींनी ओनुफ्रीकडं पाहिलं.

तो बाकावर बसून बूट काढायचा प्रयत्न करत होता. "लिही, लुकियान, झाडीची जमीन घेऊ नको. मी मूर्खपणा केला."

"मूर्खपणा असंच लिहू?"

"मोठ्या अक्षरात लिही. त्याला वाचता येत नाही, पण मास्तर गावाला वाचून दाखवेल." याव्दोखा वाकून त्याचा बूट ओढू लागली, तो बोलतच होता. "गवताची जमीन घे, दक्षिणेला. सिव्हर्टच्या बाजूला मोकळी आहे. लाकडाची काळजी करू नको. एक रांग मी राखून ठेवलीय तुझ्यासाठी. बर्चची."

"झालं?"

"नाही. अजून एक." बूट निघाला. तो पायाची बोटं हलवत जरा वेळ बसला. "लिही, लाकडं न्यायला येशील तेव्हा टोपी डोक्यावर ठेवून ये."